खासगी वेग आणि सार्वजनिक रस्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आलिशान मोटारीतल्या एका खटक्यावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात व्याख्यान ठेवावे, याचे काहींना नवल वाटेल. कांद्याचे भाव, कंत्राटी कामगारांचे हाल, सरकारी शाळांची दुरवस्था असे जिव्हाळ्याचे विषय समोर असताना कोट्यधीशांच्या वाहनाची चिकित्सा कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, एखाद्या समाजाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर त्या समाजात तयार होणारी एखादी वस्तू हाती घेऊन ती उलगडून पाहणे हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ या ग्रंथाचा आरंभ क्रांतीच्या हाकेने केला नाही. क्रयवस्तूच्या विश्लेषणाने केला. आजच्या विषमतेचे स्वरूप एकाच वस्तूत पाहावयाचे झाले, तर दीड-दोन कोटी रुपयांची एसयूव्ही आणि तिच्यातील ‘स्पोर्ट मोड’ नावाची सोय यांच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

ही वस्तू महाराष्ट्राला परकीही नाही. जग्वार लँड रोव्हर ही मूळची ब्रिटिश कंपनी २००८ पासून टाटा समूहाच्या मालकीची आहे, आणि २०२४ पासून रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्यांची जुळणी पुण्यात होऊ लागली. चाकणला मर्सिडीज-बेंझच्या गाड्या त्याआधीपासून जोडल्या जातात. म्हणजे ज्या वाहनाची चर्चा येथे करावयाची आहे, त्याचे बोल्ट आवळणारे हात पुणे जिल्ह्यातील कामगारांचे आहेत. ते वाहन धावते तेही याच जिल्ह्यातील रस्त्यांवर.

खटका दाबला असता काय बदलते?

प्रथम तांत्रिक बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ज्या वस्तूवर टीका करावयाची तिची माहिती नसेल, तर ती टीका केवळ चिडचिड ठरते.

जुन्या मोटारीत ॲक्सिलरेटरचे पायडल एका तारेने इंजिनाशी जोडलेले असे. पाय जितका दाबावा तितकी झडप उघडे. आजच्या मोटारीत ती तार उरलेली नाही. चालकाचा पाय फक्त एक इच्छा व्यक्त करतो. ती इच्छा संगणक वाचतो आणि इंजिनाला किती जोर द्यायला सांगायचे हे ठरवितो. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये असा दुभाषा बसला आहे, आणि स्पोर्ट मोड म्हणजे त्या दुभाष्याला दिलेली निराळी सूचना होय. साध्या मोडमध्ये पायडल पाव अंतर दाबले, तर मोटार सौम्यपणे पुढे सरकते. स्पोर्ट मोडमध्ये तेवढेच दाबले असता संगणक इंजिनाकडे अधिक जोर मागतो. मोटार एकाएकी ताकदवान झाल्याचा जो भास चालकाला होतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

दुसरा बदल गिअरचा. या गाड्यांत गिअर आपोआप बदलतात. साध्या मोडमध्ये इंधन वाचावे म्हणून वरचा गिअर लवकर पडतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर चालते. स्पोर्ट मोडमध्ये खालचा गिअर अधिक वेळ धरून ठेवला जातो, इंजिनाच्या फेऱ्या वाढलेल्या राहतात, आणि पाय दाबताच मोटार विलंब न लावता उसळते. तिसरा बदल स्टिअरिंगचा. विजेच्या मोटारीकडून हातांना मिळणारी मदत थोडी कमी केली जाते, त्यामुळे चाक जड लागते आणि हाती अधिक ताबा असल्याची भावना होते. चौथा बदल शॉक ॲबसॉर्बरचा. त्यांतील तेलाचा मार्ग आकसला की ते ताठर होतात, वळणावर देह कमी झुकतो, आणि खड्डा असेल तर तो पाठीच्या कण्याला अधिक स्पष्ट कळतो. ज्यांच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात अशा काही गाड्या काही मिलिमीटर खाली बसतात. अतिमहाग गाड्यांत देहाचा कल आवरण्यासाठी ४८ व्होल्टवर चालणाऱ्या विद्युत्‌मोटारी बसविलेल्या असतात. त्याही अधिक जोराने कामाला लागतात. चारही चाकांना मिळणारा जोर अनेक गाड्यांत मागच्या चाकांकडे अधिक वळविला जातो. चाके घसरू लागताच हस्तक्षेप करणारी सुरक्षायंत्रणा काही गाड्यांत थोडी उशिरा जागी होते.

याशिवाय काही बदल केवळ इंद्रियांसाठी असतात. चालकासमोरील पडद्याचा रंग बहुधा लाल होतो. धुराड्याच्या नळीतील झडप उघडून आवाज मोठा केला जातो. कित्येक गाड्यांत तर इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून आतल्या आत ऐकविला जातो. म्हणजे जी गर्जना ऐकून मालक सुखावतो, तिचा काही भाग ध्वनिमुद्रित किंवा संगणकनिर्मित असतो. विजेवरील गाड्यांना तर इंजिनच नाही. त्यांच्यासाठी बीएमडब्ल्यू कंपनीने हान्स झिमर या प्रसिद्ध चित्रपटसंगीतकाराकडून आवाज तयार करून घेतले.

हे सारे वर्णन उपहासासाठी केलेले नाही. सव्वादोन ते अडीच टन वजनाचा, जमिनीपासून उंच असलेला लोखंडी देह सहा सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेतो आणि तरीही वळणावर डुलत नाही, ही अभियांत्रिकीची असामान्य करामत आहे. ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या बुद्धीचा आदरच केला पाहिजे. प्रश्न त्यांच्या बुद्धीचा नाही. ती कोणत्या कामाला जुंपली गेली आहे, हा प्रश्न आहे.

काय बदलत नाही?

आता दुसरी बाजू. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत स्पोर्ट मोडमुळे इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही. पायडल तळापर्यंत दाबले, तर साध्या मोडमध्येही इंजिन तेवढीच शक्ती देते. फरक पडतो तो प्रतिसादाच्या तत्परतेत. मोटारीचे वजन बदलत नाही. टायर आणि डांबर यांच्यातील पकड बदलत नाही. चालकाचा डोळा, मेंदू आणि पाय यांना संकट ओळखून ब्रेकपर्यंत पोहोचायला लागणारा सुमारे एक सेकंदाचा अवधी बदलत नाही. निसर्गाचे नियम कोणत्याही कंपनीच्या संगणकाला जुमानत नाहीत.

या नियमांचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळेल. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर एखादे मूल दिसले, तर एक सेकंदाचा प्रतिसादकाळ आणि पूर्ण ब्रेक धरून मोटार सुमारे २६ मीटरवर थांबते. त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, तीच मोटार ताशी ७० किलोमीटर वेगाने जात असेल, तर २६ मीटरवर ती थांबलेली तर नसतेच, उलट अजून ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगात असते. वेगातील वीस किलोमीटरांच्या फरकाने एक मूल वाचते आणि दुसरे वाचत नाही. गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला नियम रस्त्यावर असा भेटतो.

प्रवासाचा वेळही बदलत नाही. सकाळच्या वेळी चाकणच्या चौकात किंवा हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेल्या दोन कोटींच्या मोटारीला तिच्या पुढचा टेम्पो हलल्याशिवाय हलता येत नाही. स्पोर्ट मोड तिला पुढच्या सिग्नलपर्यंत दोन सेकंद आधी पोहोचवील आणि तेथे थांबवील. इव्हान इलिच यांनी १९७४ साली ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात अमेरिकन माणसाचा हिशेब मांडला होता. मोटार चालविण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्या खर्चासाठी पैसा कमावण्यात जाणारे वर्षाचे १,६०० तास धरले, तर ७,५०० मैलांचा त्याचा प्रवास ताशी पाच मैलांहूनही कमी वेगाने होतो, असे त्यांनी दाखविले. हिशेबाचे आकडे देशागणिक बदलतील. पण खासगी वेगाने समाजाचा वेग वाढत नाही, हा त्यातील मुद्दा पुण्या-मुंबईच्या कोणाही रहिवाशाला पटवून द्यावा लागणार नाही.

विकले काय जाते?

रस्त्यावरचा वेग वाढत नाही, इंजिनाची शक्तीही वाढत नाही; मग ग्राहक पैसे कशासाठी मोजतो? तो सामर्थ्याच्या अनुभूतीसाठी मोजतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रदर्शनीय उपभोगाची संकल्पना मांडली. स्पोर्ट मोड हा त्याचा एक पुढचा टप्पा म्हणता येईल. कारण येथे प्रदर्शन इतरांसाठी आहे तितकेच ते स्वतःसाठीही आहे. भारतात तर त्यात एक विनोदही दडलेला आहे. या वर्गाच्या गाड्या अनेकदा पगारी चालक चालवितो आणि मालक मागे बसतो. मालकाच्या चहाचा थेंब सांडू नये म्हणून चालकाने दिवसभर गाडी मऊ मोडमध्येच हाकावयाची असते. ज्या सामर्थ्यासाठी लक्षावधी रुपये मोजले, ते एखाद्या रविवारी पहाटे मालक स्वतः स्टिअरिंगवर बसेपर्यंत गॅरेजमध्ये पडून राहते.

याहून महत्त्वाची घटना २०२२ साली अमेरिकेत घडली. मर्सिडीज-बेंझने आपल्या काही विद्युत गाड्यांसाठी, त्यांत एसयूव्हीही होत्या, वर्षाला १,२०० डॉलर भरल्यास अधिक तीव्र प्रवेग देणारी सोय जाहीर केली. त्यासाठी गाडीला नवा भाग जोडावा लागत नव्हता. मोटार तीच, बॅटरी तीच. शक्ती आधीपासून गाडीत होतीच, ती फक्त संगणकीय कुलपात ठेवलेली होती. ग्राहकाने पैसे भरले की कुलूप उघडावयाचे! अर्थशास्त्राच्या भाषेत हा नफा उत्पादनाचा नव्हे. हा खंड आहे. जमीनदार जसा जमीन न कसता कुळाकडून खंड घेत असे, तसा येथे कारखानदार आधीच विकलेल्या यंत्राच्या क्षमतेवर दर वर्षी खंड वसूल करू पाहतो. नफा राखण्यासाठी उत्पादनक्षमता जाणूनबुजून रोखून धरण्याच्या या प्रवृत्तीचे विश्लेषण व्हेब्लेन यांनीच १९२१ साली केले होते. शंभर वर्षांनंतर ती प्रवृत्ती एका खटक्यात येऊन बसली आहे.

किंमत कोण मोजतो?

हौसेला मोल नसते असे म्हणतात. वस्तुतः प्रत्येक हौसेला मोल असते. ते कोणाच्या खात्यावर पडते, एवढेच पाहावयाचे असते.

इंधनाचे उदाहरण घेता येईल. स्पोर्ट मोडमध्ये इंजिन अधिक फेऱ्यांवर चालते, प्रवेग आणि ब्रेक यांची आवर्तने वाढतात, आणि म्हणून इंधन अधिक जळते. परंतु युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या चाचणीच्या नियमांनुसार, गाडी दर वेळी सुरू करताच जो मोड आपोआप लागतो, त्या मोडमध्ये तिचा इंधनखर्च मोजला जातो. साहजिकच गाडी सुरू होते ती सौम्य मोडमध्ये. कागदावर सौम्यपणाची नोंद होते आणि जाहिरातीत गर्जना विकली जाते. या दोहोंमधील अंतराचा धूर मात्र रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जातो.

मात्र जीव जातो तेव्हा हिशेब अधिक गंभीर होतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरची माणसे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. म्हणजे दर शंभर मृतांपैकी चौसष्ट जण लोखंडी कवचाबाहेरचे होते. मोटारी, टॅक्सी आणि हलक्या वाहनांतील माणसे सुमारे साडेबारा टक्के होती. पोलिसांच्या नोंदींप्रमाणे सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होते. अर्थात हे सारे मृत्यू आलिशान एसयूव्हींमुळे झाले असे म्हणणे असत्य ठरेल. या गाड्यांची संख्या एकंदर वाहनांत अत्यल्प आहे. परंतु मरणारे कोण आणि कवचात सुरक्षित कोण, याचे वर्गीय चित्र या आकड्यांत स्पष्ट उमटले आहे. उंच गाड्यांचा धोकाही आता मोजला गेला आहे. अमेरिकेतील रस्ता-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमाक्षेत्राच्या संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या तोंडाच्या मोटारींच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव महागड्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. ती मोटार एसयूव्ही नव्हती, आणि त्या प्रकरणाचा न्याय करणे हे न्यायालयाचे काम आहे. पण त्यातील अल्पवयीन आरोपीला प्रथम जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा महाराष्ट्र का खवळला, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. रस्त्यावर सर्वांचे प्राण सारख्या मोलाचे मानले जातात की नाही, ही शंका लोकांच्या मनात फार दिवसांपासून होती. त्या निबंधाने तिला वाचा फुटली.

एक प्रामाणिक आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ताठर सस्पेन्शन, तत्पर इंजिन आणि अचूक स्टिअरिंग यांमुळे घाटात ट्रकला ओलांडताना मोटार कमी वेळ उलट्या मार्गिकेत राहते, अचानक वळवावी लागली तर उलटण्याचा संभव घटतो; तेव्हा स्पोर्ट मोड ही सुरक्षेचीच सोय नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. वेग तोच राहिला, तर अधिक ताब्यात असलेली मोटार अधिक सुरक्षितच असते.

पण वेग तोच राहतो का? शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा सिद्धान्त मांडला की, वाहन अधिक सुरक्षित केले की चालक त्या सुरक्षेचा काही भाग वेगाच्या रूपाने खर्च करून टाकतो, आणि धोका पादचाऱ्यांकडे सरकतो. हे परिणाम किती मोठे आहेत याविषयी अर्थशास्त्रज्ञांत आजही वाद आहे. सीटबेल्टसारख्या उपायांनी असंख्य प्राण वाचले हे निर्विवाद आहे. पेल्ट्झमन स्वतः सरकारी नियमनाचे टीकाकार होते, समाजवादी नव्हेत. तरीही त्यांच्या युक्तिवादातील एक धागा येथे उपयोगी पडतो. सीटबेल्ट चालकाला वेगाचे आमंत्रण देत नाही. स्पोर्ट मोड देतो, किंबहुना तेवढ्यासाठीच तो निर्माण केलेला आहे. ज्या सोयीची जाहिरात उत्तेजनेची म्हणून होते, तिचे समर्थन सुरक्षेची म्हणून करणे युक्त नाही.

एक रस्ता, दोन कायदे

आता राज्यसंस्थेची भूमिका पाहू जाता काय आढळते? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू ट्रक आणि प्रवासी बस यांना वेगनियंत्रक बसविणे बंधनकारक असून त्यांची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. शाळेच्या बस आणि डंपर यांना तर ६० किलोमीटर. ट्रकचालकाच्या पायाने कितीही जोर लावला, तरी यंत्र त्याला पुढे जाऊ देत नाही. हा नियम योग्यच आहे. परंतु ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग घेऊ शकणाऱ्या खासगी मोटारीवर मात्र असे बंधन नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० च्या पुढे मधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचनाघंटा बसवावी लागते, इतकेच. श्रमिक चालकाला कुलूप आणि धनिक चालकाला घंटा, असा हा न्याय आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. हा देशातील उच्चतम मर्यादांपैकी एक वेग मानला, तर त्याच्या दुप्पट वेगाची क्षमता सार्वजनिक रस्त्यावर उतरू का दिली जाते, याचे उत्तर कोणी देत नाही. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. चालकाला ती बंद करता येते हे खरे, पण निदान तत्त्व तरी मान्य झाले आहे.

करांची कथा याहून बोलकी आहे. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर असा एकूण ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून उपकर गेला आणि कर ४० टक्के झाला. करपूर्व किंमत एक कोटी रुपये असेल, तर एका गाडीमागे दहा लाख रुपयांची सूट मिळाली. त्याच निर्णयात लहान मोटारी, साध्या दुचाकी आणि बस यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे नमूद केलेच पाहिजे. उपकर भरपाईच्या कारणासाठी होता आणि तो कधीतरी संपणारच होता, कायद्यात ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, असे सांगितले जाते. परंतु ती मर्यादा आकाशातून पडलेली नाही. ती कायदेमंडळाने घातली आहे आणि कायदेमंडळाला ती बदलता येते. महाराष्ट्रातही मोटारीच्या एकरकमी वाहनकराला कमाल मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. वाढ स्वागतार्ह असली तरी मर्यादा या कल्पनेचाच अर्थ असा की, एका टप्प्यानंतर गाडी जितकी महाग तितका कराचा दर उतरता! दुचाकीवाल्याला अशी मर्यादा कामी येत नाही. त्याच २०२५ सालच्या जानेवारीत एसटीचे भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. महिलांना २०२३ पासून मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत मोलाची आहे. पण स्थानकात ताटकळणाऱ्या कुटुंबाने जानेवारीत अधिक मोजावे आणि सप्टेंबरात कोट्यधीशाने कमी मोजावे, यातून राज्यसंस्थेच्या मनाचा कल दिसून येतो.

जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात, वातानुकूलित मोटारीतून निघालेल्या एका कुटुंबाचे चित्र रंगविले आहे. मोटार सर्वांगसुंदर, आणि ती ज्यांवरून जाते ते रस्ते उखडलेले, शहरे बकाल. खासगी वैभव आणि सार्वजनिक दैन्य यांचे ते चित्र अमेरिकेचे होते. आज ते पुणे-नाशिक रस्त्याचे म्हणून कोणीही ओळखील. खड्ड्यांचा रस्ता जसा आहे तसा ठेवून त्यावरून जाणाऱ्या एकाच वाहनापुरते हवेचे सस्पेन्शन निर्माण करावयाचे, हीच या अर्थव्यवस्थेची रीत होय.

काय करावे?

यातून निष्कर्ष निघतो तो मोटारी जाळण्याचा नव्हे, आणि मालकांचा द्वेष करण्याचाही नव्हे. चाकणच्या कामगाराचा रोजगार या गाड्यांवर अवलंबून आहे, त्याची चेष्टा करणारे राजकारण समाजवादी असू शकत नाही. देशातील संघटित कारखान्यांत सुमारे दोन पंचमांश कामगार कंत्राटी आहेत. त्यांना कायम करण्याची लढाई आणि रस्त्याची लढाई एकमेकींच्या विरोधात नाहीत. जे हात रेंज रोव्हर जोडतात, त्यांना बस जोडता येणार नाही असे नाही.

मागण्या स्पष्ट असाव्यात. ट्रकला जो वेगनियंत्रक लागतो, तो रस्त्याच्या कमाल मर्यादेइतका का होईना, खासगी मोटारीलाही लागला पाहिजे. युरोपात नव्या मोटारींना अपघातापूर्वीच्या क्षणांचा वेग व ब्रेक नोंदविणारे यंत्र सक्तीचे झाले आहे. तसे येथे व्हावे, आणि त्या क्षणी गाडी कोणत्या मोडमध्ये होती याची नोंदही त्यात असावी. वाहनकर किमतीबरोबर वजनावरही असावा आणि त्याची कमाल मर्यादा काढून टाकावी. पॅरिस शहराने १ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड मोटारींचे पार्किंगशुल्क तिप्पट केले. त्याआधी फेब्रुवारीत घेतलेल्या सार्वमतात मतदान सहा टक्क्यांच्याही खाली झाले, पण ज्यांनी केले त्यांच्यातील बहुमत या शुल्काच्या बाजूने होते. पुणे-मुंबईच्या महापालिकांना असा विचार करण्यास कोणी मनाई केलेली नाही. या करातून येणारा पैसा पदपथ, सुरक्षित चौक आणि एसटीच्या नव्या गाड्या यांवरच खर्च व्हावा, असा आग्रह धरावा.

आलिशान मोटारीच्या चालकाला एक खटका दाबून आपल्या जगाची रीत बदलता येते. जड हवे तर जड, मऊ हवे तर मऊ, गर्जना हवी तर गर्जना. काचेच्या बाहेर असलेल्या माणसाला मात्र असा कोणताही खटका उपलब्ध नाही. सकाळी पाळी संपवून दुचाकीवरून घरी निघालेल्या कामगाराला रस्ता मिळेल तसा घ्यावा लागतो. त्याच्या हाती एकच साधन आहे, ते म्हणजे संघटना आणि मत. रस्ता कोणाच्या सोयीने चालावा हे त्या साधनानेच ठरवावयाचे आहे, आणि त्यासाठी प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक एसटी स्थानकावर, कारखान्याच्या प्रत्येक फाटकावर हा विषय नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.